जिन्यातला आवाज

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की सगळे कुरकुरतात, मला मात्र मनातून बरं वाटतं. चार मजले गुणगुणत चढायला मिळतं. घरात माझ्या गाण्याला कुणी विचारत नाही. जिन्यात तोच आवाज कसा भरदार होतो! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा दार उघडून पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतलं, पण ते सोडा.

जिन्याचा हा गुण ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डला चांगला ठाऊक होता. 1966 साली लंडनमध्ये तिच्या 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. चाल मूळ इटालियन गाण्याची. स्टुडिओतला घुमारा बाईंना काही पटेना. शेवटी त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून गायल्या. 47 टेक झाले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. (मी 47 वेळा एकच ओळ गायलो तर काकू थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतील.)

तिचं खरं नाव मेरी ओब्रायन. जन्म 1939 चा, लंडनमधल्या आयरिश कॅथलिक घरातला. वडील म्हणे तिच्या हातावर बोटांनी ताल धरायचे आणि 'ओळख, कुठली धून?' असं विचारायचे. गाणं कानात शिरण्याआधी हातावरच उमटलं होतं म्हणायचं.

डस्टी गायची ते सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, त्यांच्या चर्चमधल्या गॉस्पेल या भक्तिगीतांमधून आलेलं. गोरे गायक ते गाऊ लागले तेव्हा त्याला 'ब्लू-आइड सोल' म्हणायला लागले. निळ्या डोळ्यांचं सोल. मला हे नाव जरा खटकतंच. गळ्याची गोष्ट डोळ्यांवर कशाला न्यायची? पण हे गाणं कुणाकडून आलंय याचा डस्टीला विसर पडला नव्हता. 1964 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णानुसार वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे गायला तिने नकार दिला आणि सरकारने तिला देशाबाहेर काढलं. पुढच्याच वर्षी तिने ब्रिटिश टीव्हीवर मोटाउन या सोल गाण्यांच्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांचा खास कार्यक्रम सादर केला.

आणि मग अमेरिकेतलं मेम्फिस शहर. 1968 मध्ये जेरी वेक्सलर या नामांकित निर्मात्याने तिला तिथल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत नेलं. वादक तयार, गाणी तयार, आणि बाईंचा गळा बंद! ज्यांना ती मोठं मानायची, त्या सोल गायकांशी आपली तुलना होणार, या धास्तीने तिला गाताच येईना. तिचा आवाज पुढे न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाला. तरीही अल्बमचं नाव 'डस्टी इन मेम्फिस'! मला तर वाटतं, त्या खोलीच्या भिंतींत आधीच इतरांचे आवाज मुरलेले होते. लंडनच्या जिन्यात तिच्याआधी कोण गायलं असणार? फार तर एखादा झाडूवाला.

'सन ऑफ अ प्रीचर मॅन' याच अल्बममधलं. हे गाणं आधी अमेरिकन सोल गायिका अरीथा फ्रँकलिनकडे गेलं होतं. तिने नाकारलं आणि नंतर स्वतःही गायलं. अल्बम तेव्हा फारसा खपला नाही, आज मात्र उत्तम अल्बमच्या याद्यांत हमखास असतो. पुढची वर्षं वाईट गेली, व्यसनं आणि अमेरिकेतलं एकटेपण. 1987 मध्ये पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीने तिला आपल्यासोबत गायला बोलावलं आणि 'व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?' हे गाणं ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. 2 मार्च 1999 रोजी ती कर्करोगाने गेली.

परवा आमची लिफ्ट दुरुस्त झाली. मी अजून पायऱ्यांनीच जातो. डॉक्टरांनी सांगितलंय, असं घरी सांगितलंय. काकू हल्ली दारही उघडत नाहीत.