त्या आउटलेटचा फोटो

नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी तो आतून-बाहेरून तपासायचा आणि मग मालकाला दोनेक तास बरोबर घेऊन त्यातलं प्रत्येक बटण, नळ आणि झडप दाखवायची, हे माझं काम. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सजवळ मेसाला आमची डीलरशिप आहे. कॅनडा-मिनेसोटाकडून थंडी टाळायला आलेली निवृत्त मंडळी एप्रिलपर्यंत परत जातात. मे महिन्यात आवार ओस पडतं आणि डांबर इतकं तापतं की ट्रेलरखाली शिरायचं तर आधी पुठ्ठा अंथरावा लागतो. अशाच एका मेमधल्या सकाळी कागदावर मराठी आडनाव दिसलं. मॅनेजर म्हणाला, "तुझ्याकडचे दिसतात, तूच घे."

काका चँडलरच्या एका चिप कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, काकू अजून लायब्ररीत नोकरीला जाणाऱ्या. मी "या, बसा" म्हटल्यावर काकूंनी आधी माझ्या बुटांकडे आणि मग पट्ट्याला अडकवलेल्या मल्टिमीटरकडे बघितलं. "हे सगळं तू करतेस?" इचलकरंजीत वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मग इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, मग नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे, एवढ्यावर मी ते आटोपलं. उन्हं चढायच्या आत बाहेरचं काम उरकायचं होतं.

गाडीची डिकी उघडली तर खोकीच खोकी. मांडवाखाली लावायच्या रंगीत दिव्यांच्या माळा, बाहेर अंथरायची चटई, घडीची किटली, चुंबकानं भिंतीला चिकटणाऱ्या मसाल्याच्या डब्या, बादलीएवढं कपडे धुण्याचं मशीन. हौस होती आणि ती असायलाच हवी. मी विचारलं, "टायरमधली हवा मोजायचा गेज?" नव्हता. "टॉर्क रेंच, नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना?" काका म्हणाले, "तो गॅरेजवाल्याकडे असतो ना?" "व्होल्टेज बघणारं काही?" काकूंनी एक पॉवर स्ट्रिप काढून दाखवली.

माझं मत सांगायचं तर ट्रेलरच्या पहिल्या वर्षी मोजमाप करणाऱ्या आणि नुकसान अडवणाऱ्या वस्तूंवर पैसे घालावेत. सजावट नंतरही करता येते.

सुरुवात मी गाडीच्या दारापासून करते. चालकाच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून या गाडीत किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. काकांच्या चिठ्ठीवर 1,410 पौंड. ते म्हणाले, "पण ही गाडी साडेसात हजार ओढते असं सांगितलं होतं." ओढते, खरं आहे. पण ट्रेलरचं नाक गाडीवर बसतं, ते वजन गाडीला उचलावंच लागतं. सामान भरल्यावर हा ट्रेलर 6,200 पौंडांच्या घरात जाणार. ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा तर नाकावर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवा. 13 टक्के धरले तर 806 पौंड. हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा; भार वाटून देणाऱ्या हिचचे स्वतःचे साधारण 90. उरले 514. त्यात काका, काकू, मुलगा आणि सून बसणार होते आणि ती सगळी खोकी.

काकांनी कागदावर आकडेमोड करून पाहिली, दोनदा. आयुष्यभर कारखान्यात मायक्रॉनमध्ये मोजलेला माणूस, पटायला वेळ लागला नाही. "मग तो हिच भार वाटून देतो म्हणता, त्याचा काय उपयोग?" मागच्या आसावरचा भार थोडा पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे सरकतो, गाडी मागून बसत नाही, स्टीअरिंग हलकं पडत नाही. पण चिठ्ठीवरचा आकडा त्यानं वाढत नाही. शेवटी मुलगा-सून त्यांच्या गाडीनं येतील असं ठरलं. नाक हलकं करायला सामान ट्रेलरच्या शेपटाला भरायचं, असा सल्ला काकांना कुणीतरी दिला होता. तो मात्र मी जोरात खोडला. मागचं वजन वाढलं की ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवायला लागतो, आणि त्या क्षणी गाडीचा ब्रेक दाबणं सगळ्यात वाईट. तेव्हा हात हवा तो चालकाजवळच्या ब्रेक कंट्रोलरच्या दांडीवर, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागून तो मागे ताणला जातो आणि सरळ होतो. पहिल्या प्रवासाआधी भरलेला ट्रेलर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर नेऊन वजन करा, असंही सांगितलं. ट्रकवाल्यांचा काटा आपल्यालाही चालतो.

टायरबद्दल थोडक्यात. ट्रेलरचे टायर गाडीच्या टायरांपेक्षा वेगळे, त्यांच्यावर एसटी लिहिलेलं असतं आणि बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल असते. ॲरिझोनाच्या महामार्गावर 75 ची पाटी दिसली तरी ती आपल्यासाठी नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. नव्या चाकांचे नट पहिल्या 50 मैलांनंतर पुन्हा टॉर्क रेंचनं आवळायचे, कारण नवं चाक बसायला थोडा वेळ घेतं. काकांनी तिथेच फोनवर रेंच मागवला.

मुक्कामी पोचल्यावरचा क्रम मी काकूंकडून करून घेतला, कारण विचारत त्याच होत्या. आधी आडवी पातळी, म्हणजे ज्या बाजूचं चाक खाली त्याखाली ठोकळे. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पाचरी. त्यानंतरच गाडी सोडवायची आणि पुढच्या जॅकनं पुढची-मागची पातळी साधायची. कोपऱ्यांवरचे चार पाय शेवटी टेकवायचे. ते ट्रेलर डुगडुगू नये म्हणून असतात, उचलायला नव्हे. "पाचरी आधी, गाडी नंतर," काकू दोनदा म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

पाण्याला नळावरच दाब कमी करणारा रेग्युलेटर लावायचा. कॅम्पच्या नळाला कधीकधी इतका जोर असतो की ट्रेलरचे प्लॅस्टिकचे सांधे उखडतात. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप वेगळा ठेवायचा आणि टाकी धुण्याचा दुसऱ्या रंगाचा, म्हणजे अंधारातही चूक होणार नाही. संडासच्या टाकीची झडप कायम बंद, भरत आली की मगच उघडायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते आत साचत जातं. हे ऐकून काकूंनी नाकाला पदर लावला नाही, उलट "आणि पाणी सढळ वापरायचं का?" असं विचारलं. बरोबर विचारलं. नव्या मालकांना या टाकीचा संकोच वाटतो आणि तिथेच ते फसतात. गीझरची सूचना मी दारावरच चिकटवली: टाकीत पाणी भरल्याची खात्री झाल्याशिवाय विजेचं बटण दाबायचं नाही. कोरड्या टाकीत कॉइल बघता बघता जळते.

मग विजेकडे आलो. हा 30 अँपिअरचा ट्रेलर, 120 व्होल्टवर चालणारा, म्हणजे एकूण 3,600 वॉट. एसी तेरा-चौदा अँपिअर खातो, गीझर विजेवर असला तर बारा. त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला. "म्हणजे चहा करताना एसी बंद," काकू म्हणाल्या. "गीझर बंद केलात तरी चालेल."

तेवढ्यात काका खुशीत म्हणाले, "घरी आम्ही सोय करून ठेवली आहे. गॅरेजच्या बाहेर 30 अँपिअरचं आउटलेट बसवून घेतलं परवा. संध्याकाळी ट्रेलर नेला की लगेच जोडायचा, एसी लावायचा आणि सामान भरायचं."

मी विचारलं, "फोटो आहे?"

होता. आउटलेट अगदी बरोबर दिसत होतं, दोन तिरक्या खाचा आणि खाली गोल भोक. पुढच्या फोटोत घराचा पॅनेल होता, त्यात नवा ब्रेकर. जोडलेला, दोन खिट्ट्यांचा. मी फोटो मोठा केला, परत केला. 120 व्होल्टच्या आउटलेटला एक खिट्टी पुरते.

अमेरिकेतल्या घरांत दोन लाइव्ह तारा येतात, बोलताना त्यांना दोन फेज म्हणू. कुठलीही एक आणि न्यूट्रल धरली तर 120, दोन्ही फेज एकमेकींत धरल्या तर 240. कपडे वाळवायचं मशीन 30 अँपिअर, 240 व्होल्टवर चालतं. इलेक्ट्रिशियननं ट्रेलर कधी बघितलेला नसेल, तर "30 अँपिअर" ऐकल्यावर त्याला तेच आठवतं. तो दोन खिट्ट्यांचा ब्रेकर लावतो आणि ट्रेलरच्या आउटलेटमध्ये न्यूट्रलच्या जागी दुसरी फेज देतो. 50 अँपिअरच्या मोठ्या ट्रेलरांना खरोखरच दोन फेज लागतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

काका म्हणाले, "240 म्हणजे आपल्याकडचंच व्होल्टेज की. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" काकूंचं आणखी पुढचं: "मग सासूबाईंचा मिक्सर चालेल त्यावर." मला हसू आलं, पण त्यांची चूक नव्हती. आपण 230 वर वाढलेली माणसं, तो आकडा आपल्याला घरचा वाटतो. ट्रेलरमधला कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही, फ्रिजचा बोर्ड, एसी, यांना मात्र तो दुप्पट होतो. काही क्षणांत बरंच काही जळतं. आणि असं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, कारण बिघाड ट्रेलरचा नसतो.

मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, ट्रेलर आज इथेच राहू दे, तू काम संपल्यावर जाऊन बघ, पण फक्त मोजायचं, पॅनेलला हात लावायचा नाही. आम्ही इथे परवानाधारक इलेक्ट्रिशियन नाही, आणि ते बरोबरच आहे.

गिल्बर्टला त्यांच्या घरी पोचले तेव्हा भिंत अजून हाताला चटके देत होती. आउटलेटजवळ काकांनी खिशातून पेनासारखा टेस्टर काढला आणि टेकवला. लाल दिवा, टूं टूं. "बघ, चालू आहे." त्या टेस्टरला वीज आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. मी मल्टिमीटर व्होल्टवर ठेवला आणि दोन तिरक्या खाचांत टोकं घातली. 243. मग एकेक खाच अर्थिंगशी धरली, दोन्हीकडे 121च्या आसपास. न्यूट्रल नव्हतीच तिथे. काकांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा मोजलं. मग ते काही न बोलता गॅरेजमध्ये गेले आणि ब्रेकर खाली पाडला.

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. काकांनी फोनवर मला ऐकू येईल असं ठेवलं होतं. तो भांडला नाही. पॅनेल उघडला, एक खिट्टीचा ब्रेकर बसवला, पांढरी तार न्यूट्रलच्या पट्टीवर नेली. तार दहा गेजची होती, ती बदलावी लागली नाही. अर्ध्या तासाचं काम. नंतर काकांनी स्वतः मोजलं आणि फोटो पाठवला: 121. मीटर त्यांनी रात्रीच विकत आणला होता.

ट्रेलर न्यायला आले तेव्हा डिकीत खोकी कमी होती. कपडे धुण्याचं मशीन परत गेलं होतं आणि त्या पैशांत ईएमएस, म्हणजे ट्रेलरच्या विजेवर पहारा ठेवणारा डबा, आला होता. नव्या मालकांना मी तोच घ्यायला सांगते. साधा सर्ज प्रोटेक्टर वीज कडाडली तर येणारा झटका झेलतो, पण चुकीच्या जोडणीचं किंवा कमी दाबाचं त्याला काही पडलेलं नसतं. ईएमएस आधी तारा तपासतो, व्होल्टेज बघतो, थोडं थांबतो आणि मगच वीज आत सोडतो. साधारण 104च्या खाली किंवा 132च्या वर गेलं की तोडतो. इथल्या उन्हाळ्यात कॅम्पमधले सगळे एसी एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं, आणि कमी व्होल्टेजनं एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू मरतो. ईएमएसला किंमत आहे, पण एका एसीपेक्षा ती कमीच पडते. कॅम्पच्या खांबावर आधी ब्रेकर बंद, मग ईएमएस लावायचा, मग ब्रेकर चालू. त्यानं हिरवं दाखवलं की ब्रेकर परत बंद करून ट्रेलरची केबल जोडायची आणि मगच शेवटचं चालू करायचं. काकूंनी हेही वहीत लिहिलं, रंगीत पेनानं.

जूनमध्ये ते ट्रेलर घेऊन आय-17 नं फ्लॅगस्टाफला गेले. तो चढ मोठा आहे, फिनिक्सपासून जवळजवळ 5,800 फूट वर, आणि उन्हाळ्यात गाडीचा एसी बंद करा अशा पाट्या लागतात. काकूंनी मेसेज केला तो मात्र फक्त संडासच्या टाकीबद्दल होता: झडप तीन दिवस बंद ठेवली, पाणी सढळ वापरलं, सगळं नीट वाहून गेलं, टाकी रिकामी करायच्या पाइपाच्या जोडणीत पारदर्शक कोपरा घेतला ते बरं झालं, नाहीतर कळलंच नसतं. खाली हसणारा चेहरा.

आमच्या डिलिव्हरीच्या फॉर्मवर मॅनेजरनं त्यानंतर एक ओळ वाढवली: घरी ट्रेलरसाठी नवं आउटलेट बसवलं आहे का, असल्यास आउटलेटचा आणि ब्रेकरचा फोटो. बहुतेक लोक वैतागतात, फोनमध्ये शोधत बसतात, "इलेक्ट्रिशियननं केलंय हो" म्हणतात. परवा एका निवृत्त ट्रकवाल्यानं दाखवलेल्या फोटोत पुन्हा दोन खिट्ट्या निघाल्या.