'मागर्' आणि 'गदीर्'

कादंबरी लिहून झाली तेव्हा वाटलं, आता काय, पाठवायची तेवढी राहिली. चार दिवसांत पहिल्या प्रकाशकाचं उत्तर आलं : 'मजकूर दिसत नाही. युनिकोडमध्ये पाठवा.'

युनिकोड म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर मराठी मराठीच दिसावी म्हणून ठरलेली अक्षरांची पद्धत. मी सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून फाइल काढली आणि हुश्श केलं. मग पहिलं पान वाचलं. 'मार्ग'चा 'मागर्' झाला होता, 'धर्म'चा 'धमर्'. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप करतात. युनिकोडमध्ये 'र्' आधी यावा लागतो. एका फटक्यात सगळे बदलू म्हटलं, तर 'गर्दी'चं 'गदीर्' झालेलं. तिथे 'र्' वेलांटी ओलांडून मागे न्यायचा. शेवटी २४० पानं ओळीवर पट्टी ठेवून वाचली. अकरा दिवस गेले. पण त्या वाचनात एक अख्खं प्रकरण फालतू आहे हेही कळलं, ते उडवलं.

बाकीचं सोपं होतं : ए-फोर पान, चारही बाजूंना इंचभर समास, १४ पॉइंट, दीडपट ओळअंतर, पानांक. (पानांक विसरू नका. संपादकाच्या टेबलावरून गठ्ठा पडला की कळतं.)

सारांशात मात्र शहाणपणा केला. 'पुढे काय घडतं ते कादंबरीतच वाचा,' असं लिहिलं. प्रकाशन व्यवसायातला एक मित्र हसत सुटला. म्हणाला, "अरे, संपादक काय गिऱ्हाईक आहे? त्याला शेवट जमलाय का ते बघायचंय." मग एका पानात शेवटासकट सगळं सांगितलं. सोबतच्या पत्रात शब्दसंख्या, विषय, आणि हस्तलिखित आणखी कुठे दिलंय का, एवढंच. 'आईने वाचून कौतुक केलं' हे वाक्य जड मनाने खोडलं.

दोन नकार आले, एकाने उत्तरच दिलं नाही. चौथ्याने होकार कळवला आणि सोबत खुणा केलेली प्रत पाठवली. पान ८७ वर पेन्सिलीने गोल केला होता. आत लिहिलं होतं : 'वषर्'.