मनाआधी सत्ता: तत्त्वज्ञानाचे पहिले चार विषय मी कसे वाचले

तत्त्वज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांत मन, इच्छास्वातंत्र्य, नीती आणि राजकीय सत्ता हे विषय बहुधा याच क्रमानं येतात. मी शेवटून सुरुवात केली आणि मराठवाड्यात शिकणाऱ्या कुणालाही तेच सुचवेन. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं मांडलेली मनाची कल्पना पहिल्या वाचनात परकी वाटते. पण राज्यकर्त्याचं ऐकायचं ते कशासाठी, हा प्रश्न इथल्या एका अख्ख्या पिढीनं जिवावर उदार होऊन सोडवला आहे.

आधी पद्धत सांगतो. एका बैठकीला एकच युक्तिवाद घ्यायचा. मूळ मजकुराची आठ-दहा पानं दोनदा वाचायची, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर क्रमांक घालून आधारविधानं, म्हणजे निष्कर्ष ज्यांवर उभा असतो ती विधानं, लिहायची, खाली निष्कर्ष. सहाच्या वर ओळी गेल्या तर बहुतेक वेळा दोन युक्तिवाद एकत्र झालेले असतात, ते सोडवून घ्यायचे. गटात वाचत असाल तर एक नियम कडक पाळा: 'पटत नाही' म्हणणाऱ्यानं कोणत्या क्रमांकाचं विधान पटत नाही ते सांगायचं. ते सांगता येत नसेल तर त्याला निष्कर्ष आवडलेला नाही, इतकंच सिद्ध होतं.

आता इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकचा युक्तिवाद घ्या, १६८९ सालचा. १) राज्याच्या हद्दीत राहून तिथल्या सोयी वापरणारा मूक संमती देतो. २) संमती देणाऱ्यावर आज्ञापालनाचं बंधन येतं. ३) म्हणून हद्दीतल्या प्रत्येकावर ते बंधन आहे. राजमार्गावरून मोकळेपणी जाणंसुद्धा लॉक संमतीत धरतो. कागदावर हे निर्दोष दिसतं. मग त्यात निजामाचं राज्य घालून बघा. मराठवाड्यातला शेतकरी निजामाच्या रस्त्यानं जात होता, हाली सिक्का हे निजामाचं चलन वापरत होता, त्याच्याच कचेरीत सारा भरत होता. मग निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात उतरलेल्यांनी दिलेलं वचन मोडलं का?

इथं बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: राजवट जुलमी होती, म्हणून बंधन नव्हतं. जुलमाविरुद्ध उठायचा हक्क लॉकलाही मान्य आहे. पण हे उत्तर दिलं की बंधन ठरवायचं काम संमतीकडून न्यायाकडे जातं, आणि पहिलं विधान बिनकामाचं ठरतं. ही अदलाबदल लक्षात न येणं ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. राज्यकारभार चांगला आहे का हा एक प्रश्न. त्या राज्याला मला हुकूम करायचा अधिकार आहे का हा दुसरा. ते वेगळे ठेवायला मी एक कसोटी वापरतो: राजा न्यायी आणि दयाळू होता असं धरा आणि पुन्हा विचारा.

लॉकच्या पहिल्या विधानावर थेट घाव स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७४८ साली घातला. झोपेत जहाजावर नेऊन ठेवलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्यानं कप्तानाला संमती दिली असं होत नाही. परकी भाषा न येणाऱ्या, रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या गरिबाला देश सोडायचा पर्याय तरी कुठे असतो, असं तो विचारतो. बीड-परभणीच्या कुळाला हेच लागू पडतं.

यापुढचा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळू नका. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. आधी लष्करी, मग मुलकी प्रशासन आलं. लोकांनी निवडलेलं सरकार १९५२ च्या निवडणुकीनंतर. मधल्या काळातल्या अधिकाराचा आधार कोणता? संमती म्हणावी तर मतदान झालेलं नव्हतं. इथं विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ जोसेफ राझ याचं उत्तर उपयोगी पडतं: स्वतःच्या बुद्धीनं चालण्यापेक्षा एखाद्याचं ऐकून मला जे करायला हवं ते जास्त नीट होत असेल, तर त्याला माझ्यावर अधिकार आहे. कालव्याची पाणीपाळी हे याचं चोख उदाहरण आहे. प्रत्येकानं आपल्या अंदाजानं दार उघडलं तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. मला मात्र ही बाजू अपुरी वाटते. पाणीपाळी नीट चालवणारा परका सुभेदारही या कसोटीला उतरू शकेल.

नीतीसाठी ट्रॉलीचं कोडं (पाच जणांना वाचवायला गाडी एकावर वळवावी का) सोडा, लातूरची २०१६ ची पाणीटंचाई घ्या. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ते वाटायचं कसं? एकूण त्रास सर्वांत कमी होईल असं, की प्रत्येकाला सारखं, की आधी दवाखान्याला? एकूण सुखदुःखाचा हिशेब बघणारा मिल आणि कर्तव्याचा नियम बघणारा कांट कुठे वेगळे होतात ते या एका प्रश्नावर दिसतं.

इच्छास्वातंत्र्यात एक गोंधळ हमखास होतो: नियततावाद म्हणजे नशीब, अशी समजूत. नशीब मानणारा म्हणतो, काहीही करा, व्हायचं ते होणार. नियततावाद म्हणतो, तुम्ही जे कराल त्यामुळेच पुढचं घडतं. फक्त तुमचं करणंही आधीच्या कारणांतून आलेलं असतं. पेरणी न करता पीक येईल असं तो कधीच म्हणत नाही. इच्छेआधीच मेंदू कामाला लागतो का हे बघणाऱ्या, मेंदूचा अभ्यासक लिबेट याच्या १९८३ च्या प्रयोगालाही सांभाळून हात घाला. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत तयारीची लहर दिसली, इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी झाली. पण तो प्रयोग मनगट केव्हा हलवायचं एवढ्यापुरता होता. कर्ज घ्यावं की नाही अशा विचारपूर्वक निर्णयापर्यंत तो ताणायला वेगळं आधारविधान लागतं, आणि ते कागदावर लिहिलं की डळमळीत दिसतं.

मन शेवटी. देकार्तच्या मते मन आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मन जागा व्यापत नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्ये देकार्तला विचारलं होतं: ज्याला विस्तार नाही असं मन शरीराला हलवतं कसं? इथल्या वाचकाची ठेच वेगळ्या जागी लागते. तो देकार्तच्या मनाच्या जागी आपला आत्मा ठेवतो. सांख्य या भारतीय दर्शनानं रेघ दुसरीकडे ओढली आहे: मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीत, म्हणजे जड सृष्टीतच येतं, पुरुष म्हणजे शुद्ध चैतन्य, तो केवळ साक्षी. त्यामुळे विचारानं हात कसा हलतो ही अडचण सांख्यांना त्या रूपात येत नाही. निष्क्रिय पुरुषाचा प्रकृतीशी संबंध काय, ही वेगळी अडचण येते. दोन्हींचे कागद वेगवेगळे करा. तत्त्वज्ञ थॉमस नेगल याचा १९७४ चा वटवाघळाचा युक्तिवाद (वटवाघूळ असणं आतून कसं वाटतं हे बाहेरच्या वर्णनातून कळत नाही) लिहितानाही शेवटची ओळ तपासा. भौतिकवाद, म्हणजे मन हेही भौतिकच आहे हे मत, खोटा आहे असं नेगल म्हणत नाही. भौतिकवाद खरा कसा असू शकेल हे आपल्याला अजून समजत नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे.