हजार विड्यांचा हात

अम्माच्या हातातून कात्री पडली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. पाळी बदलायची म्हणून शेजारचे माग थांबले होते, त्यामुळे तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, असं वहिनी सांगते. अम्माने कात्री उचलली, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिने उचललीच नाही. तेंदूची पानं ओल्या फडक्यात तशीच राहिली.

अंगावरून वारं गेलं, असं आमच्या गल्लीत म्हणतात; डॉक्टर त्याला स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका म्हणतात. वारं गेल्यावर गल्ली जे करते ते तिने केलं. आधी तेलाने चोळलं, मग एका ठिकाणी नेऊन पाला बांधून आणला. मी कॉलेजात बारावीचं प्रॅक्टिकल घेत होते आणि फोन पर्समध्ये होता. सीटी स्कॅन झालं तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी अडली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हा आकडा मी स्वतः वर्गात सांगत आले आहे. अम्माची अडलेली रक्तवाहिनी बारीक होती. तरी त्या सात तासांचा विचार मनातून जात नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तेल शोधू नका, रिक्षा शोधा.

घाव डाव्या मेंदूत, खोल आत होता. हालचालीचे हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या पृष्ठभागावरून निघतात तेव्हा पंख्यासारखे पसरलेले असतात आणि खाली उतरताना एका अरुंद बोळात दाटीने शिरतात. त्या बोळाचं नाव इंटर्नल कॅप्सूल. तिथे हरभऱ्याएवढी जागा मेली तरी एका बाजूचा अख्खा हात-पाय बसू शकतो. आणखी खाली, लंबमज्जेपाशी, म्हणजे मेंदू मज्जारज्जूला मिळतो तिथे, बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डावीकडचा घाव उजव्या हातावर दिसतो. वीस वर्षं मी ही आकृती फळ्यावर काढतेय. त्या रात्री वॉर्डात अम्माची बोटं हातात घेतली, तेव्हा ती आकृती मला पहिल्यांदा कळली.

पाय लवकर सुधारला. दहा दिवसांनी ती भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. हात मात्र मांडीवर पडून राहायचा.

घरी सोडताना फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायामांचा कागद दिला. मनगट उचलणे १० वेळा, बोटं उघडणे १० वेळा, असं दिवसातून दोनदा. मी अम्माला वाचून दाखवलं. ती जड जिभेने तेलुगूत म्हणाली, "पदेना?" दहाच?

तो प्रश्न तिने का विचारला, ते सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. अम्मा बाराव्या वर्षापासून विड्या वळते. रोज हजार. पान कापायचं, भरायचं, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीसची एक जुडी, अशा चाळीस जुड्या झाल्या की दिवस संपला. आमची फी, भावाचं लग्न, घराचा पत्रा, सगळं त्या बोटांनी केलं. दहा विड्या म्हणजे तिच्या लेखी काम सुरूसुद्धा झालं नाही.

तिचा प्रश्न डोक्यात घेऊन मी रात्री वाचायला बसले, आणि अगदी तोच प्रश्न विचारणारं संशोधन सापडलं. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीसारख्या उपचारांच्या ३१२ सत्रांतल्या हालचाली शेजारी बसून मोजल्या. त्यांचा निबंध २००९ सालचा. हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव जिथे झाला, त्या सत्रात तो सरासरी ३२ वेळा झाला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसला तो मात्र दिवसाला शेकडो वेळा केलेल्या हालचालींमुळे.

त्यातला रँडॉल्फ नुडो यांचा १९९६ चा प्रयोग मी तीन वेळा वाचला. त्यांनी छोट्या माकडांच्या मेंदूत, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागात, अगदी लहानसा स्ट्रोक घडवला. मग माकडांसमोर एक फळी ठेवली. तिच्यात कमीजास्त रुंदीचे खळगे आणि खळग्यात खाऊच्या गोळ्या. चांगला हात अडकवून ठेवला, म्हणजे दुबळ्या हाताची बोटं घालूनच गोळी काढावी लागेल. ज्या माकडांना असा सराव मिळाला नव्हता, त्यांच्या मेंदूत घावाशेजारचा शाबूत भागही हाताचं काम सोडून देत होता. वापर नाही, म्हणून जागाही गेली. सराव केलेल्या माकडांत तो भाग टिकला, आणि काहींमध्ये तर हाताची हद्द कोपर-खांद्याच्या जागेत सरकली. ते घाव पृष्ठभागावर होते, अम्माचा खोल आत. माकड आणि माणूस एक नव्हेत, हेही खरं. पण "वापर नाही, म्हणून जागाही गेली" हे वाचलं आणि मी उठून अम्माचा मांडीवरचा हात बघून आले.

खळग्यांची फळी आमच्या घरात होतीच. अप्पेपात्र! सात खळगे, प्रत्येकात चिंचोके. मॅडमना विचारून दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. पहिल्या दिवशी अम्माने पाऊण तासात चार चिंचोके काढले आणि घामाने पदर भिजवला. तिसऱ्या आठवड्यात पंचवीस होऊ लागले. पंचवीस झाले की ती "एक जुडी" म्हणायची आणि वहिनी भिंतीवर खडूने रेघ ओढायची. डाव्या हाताला भावाने टेरी टॉवेलच्या तुकड्याचा मोजा शिवून दिला, कारण डावा हात सारखा मदतीला धावायचा.

या मोज्यामागेही मोठं काम आहे. एडवर्ड टॉब यांनी दाखवून दिलं की दुबळा हात पुष्कळदा न वापरायला "शिकतो". सुरुवातीला जमत नाही म्हणून माणूस तो वापरत नाही, पुढे थोडं जमण्यासारखं झालं तरी सवय सुटत नाही. त्यांच्या पद्धतीची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्ट्रोकला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण घेतले, त्यांतल्या निम्म्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास काम करून घेतलं. त्या गटाचा हात जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक दिसत होता. मात्र ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उचलली जात होती, अशांनाच त्यात घेतलं होतं. ज्याचा हात अजिबात हलत नाही, त्याच्या चांगल्या हाताला मोजा घालणं म्हणजे छळ. अम्माचं मनगट दुसऱ्या आठवड्यात उचललं जाऊ लागलं होतं, म्हणून आम्ही ते केलं, तेही दिवसातून दोन-तीन तासच.

मग आकडाच सगळं, असं मला वाटायला लागलं. भिंतीवरच्या रेघा वाढवायच्या मागे मी लागले आणि अम्माला रागावूही लागले. ते चुकलंच माझं. लँगबाईंनीच २०१६ मध्ये पुढचा अभ्यास केला. स्ट्रोकला सहा महिने उलटलेल्या ८५ जणांना ३२००, ६४००, ९६०० किंवा त्याहून जास्त वेळा सराव दिला. सुधारणा झाली, पण थोडी, आणि जास्त आकडा म्हणजे जास्त सुधारणा असं काही दिसलं नाही. स्वतः मांडलेल्या कल्पनेच्या विरोधात गेलेला निकाल त्यांनी तसाच छापला. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

मग काय महत्त्वाचं? वेळ. अलेक्झांडर ड्रोमेरिक आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या निबंधात ७२ रुग्ण होते. काहींना नेहमीच्या उपचारांखेरीज हाताच्या सरावाचे २० तास जादा दिले, कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान, कुणाला सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यातल्यांना झाला, पहिल्या महिन्यातल्यांना त्याहून कमी, आणि सहा महिन्यांनंतरच्यांना ठळक असा झालाच नाही. तितकेच तास, पण मेंदू त्या दिवसांत जास्त ऐकतो. याचा अर्थ पहिल्या दिवसापासून तुटून पडायचं असाही नाही. २०१५ च्या, दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या एका चाचणीत पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार चालवलेल्यांचं थोडं वाईटच झालं.

आणि आमच्याकडे याच दिवसांत काय सांगतात? "तीन महिने आराम करू द्या, मग बघू." एका ठिकाणी मलाही हेच सांगितलं होतं. भेटायला येणाऱ्या बायका अम्माला भरवायला धावायच्या. मायेनेच, मला कळतं. पण घास उचलायची एक खेप त्या हाताची हुकायची. शेवटी वहिनीने दारातच सांगायला सुरुवात केली, "मावशी, बसा, बोला, पण भरवू नका."

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे पाचव्या आठवड्यात, तिला ताटातली शेंगाचटणी चिमटीत धरता आली. भाकरी मोडता येत नव्हती, कडक भाकरी तर नाहीच. सातव्या आठवड्यात तिने स्वतःच पानं मागितली. तंबाखू आम्ही घराबाहेर काढली होती, म्हणून नुसतं पान, आत ज्वारीचा कोंडा. पहिली विडी सुटली. दुसरीही. मी चिंचोके पुढे केले तर तिने अप्पेपात्र बाजूला सारलं. चिंचोके मी सांगते म्हणून ती काढायची. विडी तिची होती. त्या दिवशी न थांबता तिने दोन तास वळलं. मॅडमना सांगितलं तर त्या स्वतः घरी येऊन बघून गेल्या आणि कागदावरचं "१० वेळा" खोडून त्यांनी तिथे "विड्या" असं लिहिलं.

आता पाच महिने झाले. पूर्वीचा हात परत आलेला नाही. दोरा गुंडाळताना करंगळी वाकडी राहते, संध्याकाळी बोटं ताठरतात, मे महिन्याच्या उकाड्यात जास्तच. कोंड्याच्या विड्या दिवसाला साठ-सत्तर होतात. पान कापायचं काम वहिनी करते, कात्री अजून धरवत नाही. काल अम्माने ती मागून घेतली, अंगठा कडीत घातला आणि बराच वेळ नुसती उघडझाप करत बसली. मी मोजत होते. शंभरच्या पुढे गेल्यावर तिने मला दुधाचं बघायला पाठवलं.