महाडचं तळं सगळ्यांना आठवतं, बायकांची सभा कुणाला आठवत नाही

यंदा 8 मार्चला आमच्याकडे बचत गटाचा कार्यक्रम झाला. संगीत खुर्ची, उखाणे, वडापाव, आणि मग पाहुण्या बाईंचं भाषण, त्यात न्यूयॉर्कच्या कामगार बायका, त्यांचा मोर्चा, सगळं आलं. त्यात वाईट काय नाय, चांगल्या बोलल्या. पण हे चाललं होतं मंडणगड तालुक्यात, जिथे बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आहे, आणि सावित्रीच्या खाडीने वर गेलं की महाड! तरी महाडचं नाव एकदाही निघालं नाही.

महाड म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत. 20 मार्च 1927 चं चवदार तळं आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला जाळलेली मनुस्मृती. या दुसऱ्या वेळी परिषदेला बाबासाहेब आले ते आपल्या खाडीतून, हे मात्र इकडच्या पोरांनाही माहीत नसतं. धरमतर बंदरावरून यायचं तर मोटारवाले ऐनवेळी नाही म्हणतील अशी धास्ती, म्हणून 24 डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने दोनशेच्या वर माणसं निघाली, दुसऱ्या दिवशी दासगाव बंदराला उतरली आणि तिथून पाचेक मैल चालत महाड. गावात मंडपाला जागा द्यायला कोण तयार नव्हतं, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्यावर जायला कोर्टाचा मनाई हुकूम आला होता म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला, पण मनुस्मृती जाळायचा ठराव सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला आणि रात्री खड्डा खणून ती जाळली.

आणि मग परिषद उरकता उरकता झाली ती बायकांची सभा.

बाबासाहेब तिथे बायकांशी वेगळं बोलले. घरातल्या अडचणी एकट्या पुरुषांनी सुटायच्या नाहीत, तुम्हीही हात घाला, असा एकूण सूर. मुलींना शाळेत घाला, मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका, नवरा नाहीतर मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. आणि एक गोष्ट जी आज ऐकताना काहीजण नाक मुरडतात, ती म्हणजे लुगडं नेसायची पद्धत बदला, कोपरापर्यंतच्या त्या गोट-पाटल्या आणि गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग काढून टाका.

‘म्हणजे काय, उच्चवर्णीय बायकांची नक्कल करा?’ असं मला कोणीतरी विचारलं होतं. मला हा प्रश्न फार वरवरचा वाटतो. त्या काळी कुठल्या जातीच्या बाईने लुगडं कुठपर्यंत नेसायचं, अंगावर सोनं-चांदी घालायची की कथील, हे तिच्या आवडीवर नव्हतंच. गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं दिसलं की लांबूनच कळायचं बाई कुठल्या वाड्यातली आहे, मग पाणवठ्यावर, बाजारात तिच्याशी कसं वागायचं ते आपोआप ठरायचं, तिने तोंड उघडायच्या आधीच. तेव्हा लुगडं पायघोळ नेसणं म्हणजे त्या खुणेलाच नकार होता. आणि ते नुसतं भाषणात राहिलं नाही, टिपणीस आणि चित्रे या बाबासाहेबांच्या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या बायकांनी सगळ्यांना तसं नेसायला शिकवलं, आणि बायका परतल्या त्या नव्या पद्धतीने नेसून. घरी गेल्यावर गावातल्या लोकांनी काय म्हटलं असेल याचा विचार केला तरी त्यांच्या धाडसाचा अंदाज येतो. एवढ्या बायकांच्या अंगावरच्या बदलाला ‘साडीचा सल्ला’ म्हणून बाजूला सारायचं?

एक मात्र खरं, महाडच्या त्या सभेत बोलत होते बाबासाहेब आणि बायका ऐकत होत्या. म्हणून मला पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. 20 जुलै 1942, नागपूर, दलित महिलांची अखिल भारतीय परिषद. 20-25 हजार बायका जमल्या होत्या! अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील. म्हणजे व्यासपीठावर बायका, ठराव बायकांचे. सुलोचनाबाई तर संततीनियमनावर बोलल्या, 1942 साली, भर सभेत. आजही आमच्या आरोग्य केंद्राच्या मीटिंगला हा विषय निघाला की अर्ध्या बायका पदर तोंडाला लावतात.

ठराव बघा जरा. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एक बायको असताना दुसरी करायला बंदी हवी. गिरणीत, विडी कारखान्यात, रेल्वेत काम करणाऱ्या बायकांना वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा हवी. मुलींसाठी वसतिगृहं हवीत, गिरणीत बायकांवर देखरेख बायकांनीच करावी. हे असं वाचलं की कळतं, यातली प्रत्येक मागणी कोणाच्या तरी रोजच्या जगण्यातून आलीय. मुकादमाचा जाच सोसल्याशिवाय हा शेवटचा ठराव सुचत नाही. आमच्या कोकणात तर दुसरी बायको ही मनीऑर्डरीइतकीच ओळखीची गोष्ट, नवरा चाकरमानी, मुंबईत वेगळा संसार, आणि ही इथे सासूसासरे आणि शेत सांभाळत बसलेली.

आणि आपल्याकडे कायदा लवकर आला हे पण बऱ्याच जणांना माहीत नाही. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 चा, त्याआधी हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून 1951 मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रीपद सोडलेलं. पण मुंबई प्रांतात, म्हणजे कोकण धरून, दुसऱ्या लग्नाला बंदी 1946 लाच आली आणि हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा 1947 ला. कागदावर आला एवढंच म्हणू, मुंबईतले दुसरे संसार काही लगेच थांबले नाहीत.

पुढच्या 8 मार्चला मी गटात हाच विषय मांडणार आहे, संगीत खुर्ची झाल्यावर. दासगाव, महाड, पोलादपूर भागात कुणाच्या घरी पणजीने लुगडं बदलल्याची गोष्ट सांगितली जात असेल तर मला नक्की कळवा. नेत्यांची भाषणं मिळतात हो, पण लुगडं पायघोळ नेसून घरी आल्यावर पहिल्या दिवशी विहिरीवर काय झालं ते कुठे लिहिलेलं मिळत नाही.