लाल पडलेले लाट्के

लाट्क्यांचा, म्हणजे बटाट्याच्या किसाच्या तेलात तळलेल्या चपट्या वड्यांचा, पहिला घाणा काढला तेव्हा सकाळचे पावणेनऊ वाजले होते. दोन मिनिटांत रंग विटेसारखा, वास किंचित जळक्या साखरेचा, आणि मोडून पाहिलं तर आतला किस कच्चा, करकरीत. तेल १८० अंशांवर होतं. थर्मामीटरवर संशय आला म्हणून तो बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला; काटा बरोबर शून्यावर. दुसरा घाणा १७० वर काढला. तोही लाल.

तारीख होती २५ डिसेंबर २०२४. हनुका, म्हणजे ज्यूंचा तेला-दिव्यांचा सण, त्याची पहिली संध्याकाळ आणि नाताळ एकाच दिवशी आले होते, आणि असा योग त्याआधी २००५ मध्ये आला होता. शिकागोच्या वेस्ट रॉजर्स पार्क भागात, डेव्हन अव्हेन्यूपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचा चौतीस खुर्च्यांचा कॅफे आहे. चिकन सूप आणि मात्झोचे (बिनखमिराच्या कडक पोळीच्या चुऱ्याचे) गोळे, ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), क्निश (सारण भरून भाजलेली पुरी), कूगल (शेवयांचा किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ), राय ब्रेडची सँडविचेस असं घरगुती ज्यू जेवण इथे मिळतं. नाताळला शहर बंद असतं आणि आम्ही उघडे असतो, त्यामुळे एरवीही त्या दिवशी दारात रांग लागते. त्या वर्षी त्यात हनुका, आणि हनुकाला लोकांना हवे असतात लाट्के. एका ताटलीत तीन, अशा २८० ताटल्यांची तयारी होती. दार उघडायला सव्वा तास उरला होता.

कारण बटाट्याच्या खोक्याला हात लावल्यावर कळलं. खोकं बर्फगार होतं. सणाचा माल आठवडाभर आधी आला, कोरड्या कोठारात मात्झो आणि मेणबत्त्यांच्या खोक्यांनी जागा अडवलेली, म्हणून ५० पौंडांची तिन्ही खोकी, मिळून ६८ किलो बटाटा, कोणीतरी वॉक-इन कूलरमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रिजमध्ये, रचली होती. तिथे ३ ते ४ अंश तापमान असतं. एवढ्या थंडीत बटाटा स्वतःतला स्टार्च मोडून त्याची साखर करायला लागतो. तीच साखर गरम तेलात अमिनो आम्लांशी मिळून झपाट्याने तांबडी होते, आतला किस शिजायच्या कितीतरी आधी. आपल्याकडे उन्हाळ्यात वेफर घालणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे: शीतगृहातला बटाटा गोड लागतो आणि त्याचे वेफर लाल पडतात. लाट्क्याचंही तेच. यात तेलाचा, आचेचा किंवा तळणाऱ्याचा काही दोष नसतो, आणि आच कमी करत गेलं की लाट्का फक्त जास्त तेल पितो.

खात्री करायची साधी रीत आहे. बटाट्याच्या मधोमधची दोन मिलिमीटर जाडीची चकती कापायची, पुसायची, १८० अंशांवर तीन मिनिटं तळायची. पिवळी निघाली तर बटाटा चांगला. तपकिरी झाली किंवा कडेला गडद वलय आलं तर त्यात साखर झाली आहे. तिन्ही खोक्यांतली एकेक चकती तळली. तिन्ही तपकिरी.

डेव्हनवरची भारतीय किराणा दुकानं नाताळलाही उघडी असतात. या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग आणि दुसऱ्याला, इस्रायलच्या माजी पंतप्रधानांवरून, गोल्डा मायर बुलेव्हार्ड अशी मानाची नावं आहेत. त्या दिवशी एका तुकड्याने दुसऱ्याचा सण सांभाळला. दुकानात बाहेरच्या मांडणीवर, साध्या तापमानाला ठेवलेले रसेट, म्हणजे तपकिरी सालीचे पिठूळ बटाटे होते. १० पौंडांच्या आठ पिशव्या उचलल्या. लाल सालीचेही होते आणि स्वस्त होते, पण लाट्क्यासाठी ते घेऊ नयेत. त्यांत स्टार्च कमी आणि पाणी जास्त, किस मेणचट राहतो आणि कड कुरकुरीत होत नाही.

माल येईपर्यंतचा एक तास जुन्याच बटाट्यावर काढावा लागला. किस गार पाण्यात दोनदा धुतला, म्हणजे पृष्ठभागावरची बरीच साखर निघून जाते. लाट्के नेहमीपेक्षा पातळ, जेमतेम आठ मिलिमीटरचे थापले, १६५ अंशांवर रंग धरेपर्यंतच तळले आणि जाळीवर ठेवून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये सहा मिनिटं आतून शिजवले. खाण्यालायक झाले. रंग तरी गडदच राहिला, आणि तो का गडद आहे हे प्रत्येक टेबलावर सांगितलं. उरलेला थंड बटाटा उकडून क्निशच्या सारणात घातला. उकडण्यात तांबूस होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि भरपूर तळलेल्या कांद्यात थोडा गोडवा खपून जातो.

नव्या बटाट्याचं प्रमाण असं: एक किलो सोललेला बटाटा, एक मोठा कांदा, दोन अंडी, ३५ ग्रॅम मात्झोचा रवा, १२ ग्रॅम मीठ, मिरपूड. बटाटा आणि कांदा आलटून पालटून किसायचे. कांद्याचा रस किसाला लागला की तो लवकर काळा पडत नाही. मग जाड पंचात बांधून पिळायचं, हात थकेपर्यंत. किलोमागे पाव लिटरच्या आसपास पाणी निघतं. ते पाणी फेकायचं नाही. दहा मिनिटं स्थिर ठेवलं की तळाशी पांढरा घट्ट थर बसतो, तोच बटाट्याचा स्टार्च. वरचं तांबूस पाणी ओतून द्यायचं आणि तो थर खरवडून किसात परत घालायचा. लाट्का एकत्र धरून ठेवण्याचं निम्मं काम हा थर करतो. तो टाकून देणारे मग मैदा घालतात आणि लाट्क्याची भजी होते.

मीठ सगळ्यात शेवटी, तेही तव्यावर जाणाऱ्या घाण्यापुरतंच. मीठ पडलं की किस पाणी सोडतो. वीस मिनिटांत मिश्रण सैल होतं, तेलात तडतडतं आणि तेलाचं तापमान खाली ओढतं. गर्दीच्या दिवशी सकाळीच सगळं कालवून ठेवायचा मोह होतो, पण चार तासांनी हाती येतो राखाडी, पाणचट लगदा. आम्ही दोन-दोन किलोच कालवत होतो.

बिडाच्या तव्यात सहा मिलिमीटर तेल, एका वेळी सहाच लाट्के, प्रत्येक बाजू साडेतीन मिनिटं. आठ घातले की तेल १५० वर येतं आणि घाणा तेलकट होतो. पाच घाण्यांनंतर तेल गाळायचं, नाहीतर तळाचे जळके कण पुढच्या लाट्क्यांना चिकटतात. काढल्यावर कागदावर रचू नयेत. खालच्याची वाफ वरच्याला मऊ करते. जाळीवर, एका थरात, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं टिकतात. त्याच्यापुढे गेलेला लाट्का टेबलावर पाठवायचा नाही.

बाकीचे पदार्थ वाट पाहतात, म्हणून ते आधी करायचे. ब्रिस्केट २३ तारखेलाच १५० अंशांवर झाकून चार तास शिजवलं होतं. ते रात्रभर त्याच रसात थंड करून, गारच असताना रेषेला आडवं कापलं की चिंध्या होत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं.

सूपही आदल्या दिवसाचं होतं, पण मात्झोच्या गोळ्यांनी दगा दिला. दुपारी एकच्या सुमारास एक वाटी परत आली. चमचा गोळ्यात शिरत नव्हता. आदल्या रात्री मिश्रण सैल वाटलं म्हणून त्यात आणखी एक मूठ रवा पडला होता. हे मिश्रण सैलच दिसायला हवं. चार अंडी, १२० ग्रॅम रवा, ६० मिलिलिटर कोंबडीची चरबी आणि तेवढंच सूप इतकं पुरतं. फ्रिजमध्ये तासाभरात रवा फुगतो आणि ते आपोआप आळतं. मग ओल्या हाताने अक्रोडाएवढे गोळे, खारट पाण्यात, मंद आचेवर, झाकण न उघडता चाळीस मिनिटं. पाणी वेगळंच घ्यायचं, नाहीतर सूप गढूळ होतं. घट्ट झालेला गोळा पुन्हा मऊ होत नाही. तो घाणा बाजूला काढला आणि नवा लावला. तोवर सूप नुसत्या शेवयांबरोबर दिलं.

त्या दिवसाची सगळ्यात मोठी चूक मात्र चवीच्या लोभाने झाली. अडीच वाजता दुसऱ्या तव्यावरच्या जोडीदाराने तेलात दोन चमचे श्माल्ट्झ, म्हणजे कांद्यासोबत कढवलेली कोंबडीची चरबी, सोडली. वास अप्रतिम आला. पूर्व युरोपात लाट्के याच चरबीत, नाहीतर हंसाच्या चरबीत तळत, त्यामुळे परंपरेने त्याचं चुकलं नव्हतं. पण चरबी पडली की लाट्का मांसाहारी पदार्थ ठरतो आणि त्याच्यावर आंबट साय वाढता येत नाही, कारण मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा ज्यू धर्मातला नियम आहे. आमच्या स्वयंपाकघरावर धर्मगुरूची देखरेख नाही, म्हणून आम्ही स्वतःला कोशर, म्हणजे धर्माच्या आहारनियमांप्रमाणे चालणारे, म्हणवत नाही. तरी आपल्या ताटापुरता नियम पाळणारी माणसं येतात आणि विचारतात, कशात तळलंय? शिवाय डेव्हनवरून खरेदी करून येणारी गुजराती-मराठी शाकाहारी कुटुंबं लाट्केच मागवतात. या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. तेल टाकलं, तवा घासला, जाळीवरचे बारा लाट्के काढून टाकले आणि त्या तव्यावरून आधी गेलेल्या दोन टेबलांना जाऊन सांगितलं. एका टेबलावरची साय अजून उघडलेली नव्हती.

अंड्याचंही तसंच. अंड्याशिवाय लाट्का होतो: बसलेला सगळा स्टार्च, वर किलोमागे दोन चमचे कोरडा बटाट्याचा स्टार्च, थोडा पातळ थापायचा आणि पहिली बाजू पूर्ण धरेपर्यंत उलथनं लावायचं नाही. त्यासाठी तिसरा तवा वेगळा ठेवला होता.

मांसाबरोबर दूध नाही या अडचणीवर मला आवडणारा तोडगा कोकणातला आहे. अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध घालतात. दाटपणा येतो आणि नियमही राहतो. पिढ्यान् पिढ्या तेलघाणे चालवणारी आणि शनिवारी ते बंद ठेवणारी ही माणसं, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तेलाच्या सणाला त्यांची आठवण काढावी असं मला वाटतं.

साडेचारच्या आत सूर्य मावळला. खिडकीतल्या दिवठाणीवर उजव्या टोकाची पहिली मेणबत्ती लागली. तव्यांना उसंत मिळाली ती आठ वाजता. ताटल्या मोजल्या, २६३ झाल्या होत्या.

थंड बटाट्याचं एक खोकं जवळजवळ भरलेलंच उरलं. ते मागच्या जिन्याखाली, १६ अंशांच्या आसपास तापमान राहतं तिथे, अंधारात ठेवलं. उबेत राहिला की बटाटा ती साखर हळूहळू कमी करतो. दर तीन दिवसांनी एक चकती तळून पाहत होतो. २८ डिसेंबरची तपकिरी, नव्या वर्षाची पहिली कडेला तपकिरी. ९ जानेवारीची पिवळी निघाली.