पहिल्या मानांकनाची दोन तिकिटे

२८ मार्च २०२५, शुक्रवार. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउनच्या पीपीएल सेंटरमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेची विभागीय फेरी त्या संध्याकाळी सुरू होणार होती, आणि मी नेहमीप्रमाणे तिकीट खिडकीमागे बसले होते. शनिवार-रविवारला जोडून मिळेल ते हे काम मी काही वर्षे करते आहे. आपल्याकडे हॉकी म्हटले की डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. इथे बर्फ असतो, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते आणि तिला पक म्हणतात. खेळ मला उशिरा समजला, त्याचे प्रेक्षक मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. मी कोल्हापूरची आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठेतली माणसे दुकाने लवकर बंद करून कशी निघतात, हे मी लहानपणी पाहिलेले आहे.

त्या दिवशी दुपारपासून रांग लागली होती आणि रांगेत सगळीकडे निळा रंग होता. रात्रीच्या सामन्यातले दोन्ही संघ, पेन स्टेट आणि मेन राज्याचे विद्यापीठ, निळ्या-पांढऱ्या रंगाचे असल्यामुळे लांबून कोण कोणाचे हे मला ओळखता येत नव्हते. जवळ आल्यावर मात्र फरक लगेच कळे. पेन स्टेटचे लोक मोठ्या घोळक्याने येत होते, एका टोकाकडून ‘वी आर’ अशी हाक गेली की दुसऱ्या टोकाकडून ‘पेन स्टेट’ असे उत्तर येत होते. मेनचे लोक दोघे-तिघे, बहुतेक वयस्क, लांबच्या प्रवासाने आखडलेले, आणि तरीही चेहऱ्यावर एक शांत खात्री असलेले. ती खात्री त्यांना क्रमांकाने दिली होती. मेन हा स्पर्धेतल्या चार अव्वल मानांकित संघांपैकी एक होता आणि पेन स्टेट ॲलनटाउनच्या गटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनावर होता.

अशाच एका जोडप्यातले आजोबा माझ्या खिडकीशी आले. मेनमधून साडेआठ-नऊ तास गाडी चालवून ते आले होते. शुक्रवारची तिकिटे त्यांच्याकडे होती; त्यांना रविवारच्या, ॲलनटाउन केंद्राच्या अंतिम सामन्याची दोन हवी होती. ही तिकिटे परत घेतली जात नाहीत, हे मी सांगितले. आम्हाला प्रत्येकाला ते सांगावेच लागते. ते म्हणाले, ‘‘आम्ही पहिल्या मानांकनाचे आहोत. रविवारी आम्ही इथेच असू.’’ त्यांच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. १९९३ साली ४२ विजय, एक पराभव आणि दोन बरोबरी असा हंगाम करून राष्ट्रीय विजेता झालेला संघ त्यांनी पाहिलेला होता, १९९९ चे दुसरे विजेतेपदही पाहिलेले होते. त्यानंतरची पडती वर्षेही त्यांनी सोडली नव्हती. २०१२ नंतर २०२३ पर्यंत हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलाच नाही. २०२१ मध्ये प्रशिक्षक रेड जेंड्रन यांचे अचानक निधन झाले. बेन बार यांनी संघ पुन्हा उभा केला, तेव्हा २०२४ मध्ये पात्रता मिळाली आणि पहिल्याच सामन्यात कॉर्नेलकडून ३-१ अशी हार झाली. आणि आता, आठवडाभरापूर्वी, २००४ नंतर प्रथमच ‘हॉकी ईस्ट’ या त्यांच्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीचे, विजेतेपद, तेही कनेक्टिकटला ५-२ असे हरवून. इतके सगळे मागे असलेल्या माणसाने दोन दिवस आधी तिकीट घ्यावे, यात मला काहीही गैर वाटले नाही.

तिकिटे हातात घेतल्यावर त्यांनी मागे पसरलेल्या गर्दीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘पहिले मानांकन आमचे, मग पाहुणे आम्हीच कसे?’’

हा प्रश्न त्या दिवशी मला किमान दहा जणांनी विचारला, आणि त्याचे उत्तर नियमात आहे. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ असतात, चार केंद्रांवर प्रत्येकी चार. २००३ मध्ये ही संख्या बारावरून सोळा झाली. सहा कॉन्फरन्सचे विजेते थेट येतात आणि उरलेल्या दहा जागा त्या वर्षीपर्यंत ‘पेअरवाइज’ नावाच्या गणितावर ठरत, ज्यात प्रत्येक संघाची इतर प्रत्येक संघाशी तुलना होई: प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरून काढलेली विजयाची टक्केवारी, दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि आपसातले निकाल. इथपर्यंत समितीच्या मर्जीला जागा नव्हती. पण कोणता संघ कोणत्या गावी पाठवायचा हे ठरवताना एक अट पाळावीच लागते: विभागीय फेरीचा यजमान संघ पात्र ठरला, तर त्याला स्वतःच्याच केंद्रावर खेळवायचे. त्या वर्षी चार केंद्रांचे चार यजमान होते. न्यू हॅम्पशायर, नॉर्थ डकोटा आणि बोलिंग ग्रीन पात्र ठरले नाहीत, पेन स्टेट ठरला. त्यामुळे ॲलनटाउनला येणाऱ्या अव्वल संघाच्या वाट्याला पेन स्टेट येणार हे उघडच होते. त्यांच्या विद्यापीठापासून हे शहर अडीच-तीन तासांवर आहे आणि फिलाडेल्फियाकडे राहणारे त्यांचे माजी विद्यार्थी तर तासाभरात पोहोचतात.

मी आजोबांना हे थोडक्यात सांगितले. त्यांना ते सगळे आधीच माहीत होते. ‘‘नियम कळतो मला,’’ ते म्हणाले, ‘‘पण मग क्रमांक देता कशाला?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मागे रांग होती.

यजमानाची अट का आहे हे आम्हा तिकीट विकणाऱ्यांना फार स्पष्ट दिसते. स्थानिक संघ नसेल तर विभागीय फेरीत अर्धी अरीना रिकामी राहते, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर एकोणीस-वीस वर्षांची मुले आयुष्यातला सर्वांत मोठा सामना खेळतात, हे दृश्य मन उदास करणारे असते. पेन स्टेटच्या प्रेक्षकांबद्दलही माझ्या मनात प्रेमच आहे. टेरी पेगुला यांच्या दहा कोटी डॉलरहून मोठ्या देणगीतून उभा राहिलेला हा संघ पहिल्या दर्जात खेळू लागला तो २०१२ मध्ये; हंगामाचा पूर्वार्ध फार वाईट गेल्यावरही त्यांच्या लोकांनी यायचे सोडले नव्हते. तरीही माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे. पाच-सहा महिने खेळून मिळवलेल्या मानांकनाचा काही प्रत्यक्ष लाभ असला पाहिजे, आणि तो लाभ म्हणजे पहिली फेरी वरच्या संघाच्या स्वतःच्या रिंकवर. पूर्वी तसे होतेही. १९९२ पासून विभागीय केंद्रे आली. असे पुन्हा झाले तर माझे मार्चमधले काम जाईल. जाऊ दे. मेनच्या घरच्या रिंकवर, ओरोनोच्या आल्फोंड अरीनात, हिवाळाभर तिथे बसणाऱ्या माणसांसमोर, हा सामना व्हायला हवा होता.

पहिल्या सामन्यात कनेक्टिकटने क्विनिपियाकला ४-१ असे हरवले. स्पर्धेत प्रथमच आलेल्या संघाचा हा पहिला विजय, त्यामुळे त्यांची मुले बाहेर येऊन नाचत होती. मग रात्रीचा सामना सुरू झाला. खिडकीतून बर्फ दिसत नाही; आम्हाला भिंतीतून आवाज ऐकू येतो आणि त्यावरून गोल कोणाचा ते ओळखावे लागते. छप्पर हादरले की पेन स्टेट. त्या रात्री छप्पर पाच वेळा हादरले. मेनच्या एकमेव गोलाचा आवाज मला ऐकूच आला नाही. तो मी नंतर पडद्यावर पाहिला. ५-१.

आदल्याच रात्री टोलीडोच्या केंद्रावर चौथ्या मानांकनाच्या कॉर्नेलने अव्वल मिशिगन स्टेटला ४-३ असे बाहेर काढले होते, म्हणजे असे काही घडतच नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते. २००६ मध्ये होली क्रॉसने मिनेसोटाला हरवल्यापासून या खेळातले सगळे जाणतात की एकाच सामन्यात फैसला असेल आणि समोरचा गोलरक्षक रंगात असेल, तर पहिला आणि चौथा यांत फार अंतर उरत नाही. २०१३ मध्ये येल सोळांत पंधराव्या क्रमांकावर होता आणि त्याने अंतिम सामन्यात, ज्या क्विनिपियाकने त्याला हंगामात तीनदा हरवले होते, त्यालाच ४-० असे हरवून विजेतेपद नेले. जाणणे वेगळे आणि नऊ तास गाडी चालवून आल्यावर ते सोसणे वेगळे.

सामना संपल्यावर माझ्या खिडकीसमोर मेनच्या लोकांची रांग लागली. कोणी भांडले नाही. रविवारच्या तिकिटांचे काय करता येईल, एवढेच ते विचारत होते. पैसे परत देणे माझ्या हातात नव्हते. फोनवरून तिकीट दुसऱ्याच्या नावावर कसे करायचे हे दाखवणे होते, आणि पुढचा तासभर मी तेच केले. बोटे थरथरणाऱ्या माणसांचे फोन हातात घेऊन, पेन स्टेटच्या घोषणा लॉबीत घुमत असताना, एकेक तिकीट मी अनोळखी लोकांकडे पाठवत होते. या नोकरीत मला इतके जड काम क्वचितच करावे लागले आहे.

आजोबा शेवटी आले. त्यांचे फोनचे काम करायला मी हात पुढे केला, तर ते म्हणाले, ‘‘नको. आम्ही थांबतो.’’ हॉटेल सोमवारपर्यंत ठरलेले होते. आणि कनेक्टिकट हा त्यांच्याच कॉन्फरन्सचा संघ होता, त्यांनी आठवड्यापूर्वी हरवलेला. तो जिंकला तर घरी जाऊन सांगायला काहीतरी राहील, असे आजी हळूच म्हणाल्या.

रविवारी ते दोघे आपल्या जागी होते. पेन स्टेटचा गोलरक्षक अर्सेनी सर्गेयेव हा आदल्या वर्षापर्यंत कनेक्टिकटचाच होता, त्यामुळे त्या सामन्यालाही स्वतःची धार होती. निकाल अतिरिक्त वेळेत लागला, पेन स्टेट ३-२, आणि तो संघ प्रथमच अंतिम चार संघांत सेंट लुईसला गेला. तिथे बोस्टन विद्यापीठाकडून तो हरला. विजेतेपद वेस्टर्न मिशिगनचे, त्यांचे पहिलेच.

गर्दी ओसरल्यावर आजोबा खिडकीशी थांबले. पुढच्या वर्षी पूर्वेकडची केंद्रे कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. वुस्टर आणि ऑल्बनी, मी सांगितले. ‘‘वुस्टर जवळ आहे,’’ ते आजींना म्हणाले, आणि लिहून द्यायला सांगितले. तिकिटाच्या लिफाफ्यामागे मी दोन्ही नावे लिहून दिली.